शिकवलेले हातात राहते कसे?

या व्यासपीठावरून इतिहासाचे व अर्थशास्त्राचे मोठे पंडित बोलून गेले आहेत. आमचे शालेय शिक्षण आठवीत संपले. पुढचे सारे वाचन नगरवाचनालयात आणि पाळ्यांच्या अधल्यामधल्या वेळात झाले. आजचा विषयही आम्हांला ग्रंथातून सुचलेला नाही. तो सुचला एका वहीवरून.

पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या प्रेसखात्यात आमच्या एका सभासदाची दोन बोटे गेली. चौकशी बसली. व्यवस्थापनाने टेबलावर प्रशिक्षणाची वही ठेवली. सात महिन्यांपूर्वी एका दुपारी चाळीस माणसांना एकत्र बसवून सुरक्षेवर व्याख्यान झाले होते, चहा-बिस्किटे झाली होती, आणि वहीत या गृहस्थांची सही होती. मधल्या काळात ते दुसऱ्याच यंत्रावर होते, ही गोष्ट कोणी विचारात घेतली नाही. "शिकवले होते, सही आहे," एवढ्यावर सारा दोष त्यांच्या पदरात पडला. सांगितले म्हणजे शिकवले काय, आणि शिकवलेले हातात राहते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला.

विसरण्याचे मोजमाप जर्मनीतील हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या माळा तो स्वतःच पाठ करी आणि काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते पाही. एका तासातच निम्म्याहून अधिक केलेले वाया जाई. महिन्याने पाचव्या हिश्श्याएवढे उरे. हल्ली प्रशिक्षण विकणारी मंडळी हे आकडे फार मिरवतात. पण तो निरर्थक अक्षरे घोकत होता, हे ती सांगत नाहीत. वीस वर्षे लेथवर काढलेला माणूस आपले काम असे विसरत नाही. त्यातून घ्यायचे ते एवढेच की, गळती सुरुवातीलाच जास्त असते. म्हणून मदत हवी ती लवकर, आणि कामाच्या जागी.

आमच्या गिरण्यांत ही मदत नात्यागोत्यातून मिळे. कोकणातून वा घाटावरून आलेला पोर चुलत्याच्या साच्याशेजारी उभा राहून शिके. जागा मिळावी, टिकावी म्हणून जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. शिकणे फुकट कधीच नव्हते.

याला पद्धतीचे रूप आले अमेरिकेत. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी माणसे झपाट्याने तयार करावी लागली, तेव्हा चार्ल्स ॲलन याने शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्याचे पुस्तक १९१९ चे. त्याच पायावर ऑगस्ट १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही सरकारी सेवा उभी राहिली. दहा-दहा फोरमन घेऊन दोन-दोन तासांच्या पाच बैठका, इतकाच तिचा वर्ग. पहिल्या बैठकीत शिक्षक दिव्याच्या दुपदरी वायरला मारायची गाठ घेई. वायरला ओढ बसली तर ती स्क्रूवर न येता गाठीवर यावी, यासाठी ही गाठ. शिक्षक आधी ती नुसती तोंडाने सांगे. समोरचा फोरमन प्रयत्न करी, आणि ती जमत नसे. मग न बोलता नुसती करून दाखवी; तरीही जमत नसे. जन्मभर हाताखालच्यांवर खेकसलेल्या त्या गड्याला सर्वांदेखत दोरीशी झटताना पाहणे हाच खरा धडा होता! त्यानंतर शिक्षक चार पायऱ्यांनी शिकवी: माणसाला निश्चिंत करणे, टप्प्याटप्प्याने व मर्म सांगत दाखवणे, त्याच्याकडून करवून घेताना 'असेच का?' हे त्याच्याच तोंडून वदवणे, आणि चौथी पायरी म्हणजे त्याला कामावर सोडून, अडल्यास कोणाकडे जायचे ते सांगून, वरचेवर विचारपूस करणे व ती हळूहळू कमी करीत नेणे.

या चौथ्या पायरीशी आम्ही फार दिवस अडून राहिलो आहोत. शिकवणाऱ्याने आधी जवळ उभे राहायचे आणि मग बेताबेताने दूर व्हायचे. युद्ध संपेपर्यंत सोळा लाखांहून अधिक लोकांना या सेवेने प्रमाणपत्रे दिली. १९४५ मध्ये ती बंद झाली. पुढे जपानने ही पद्धत उचलली, टोयोटाने ती आपलीशी केली. १९५० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांबरोबर ती भारतातही आली. आमच्या पाहण्यातल्या कारखान्यांत मात्र चौथी पायरीच गळालेली दिसली, कारण विचारपूस करायला फोरमनला वेळ लागतो आणि वेळेचा हिशोब उत्पादनात धरला जातो.

प्रेसी, स्किनर वगैरेंची शिकवणारी यंत्रे मध्यंतरी येऊन गेली. ती वर्गातच राहिली. कामाच्या जागी शेजारी उभे राहणारे यंत्र आले ते आता, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने.

ब्रिन्योल्फसन, ली व रेमंड या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली ग्राहकसेवेतील ५,१७९ माणसांच्या कामाचा अभ्यास मांडला. बहुतेक माणसे फिलिपाईन्समधली. ग्राहकाशी लेखी संभाषण चालू असताना यंत्र पडद्यावर उत्तर सुचवी. घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ताशी सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या व कमी कसबी माणसांच्या ३४ टक्क्यांनी. यंत्र अधूनमधून बंद पडे, तेव्हाही त्यावर शिकलेली माणसे पूर्वीपेक्षा चांगले काम करीत राहिली. हा मुद्दा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. शिक्षक दूर झाला तरी शिकवलेले हातात उरले होते.

परंतु यंत्र शिकले कोणाकडून? त्याच खात्यातल्या उत्तम कारागिरांच्या संभाषणांवरून. त्यांचा स्वतःचा लाभ मात्र नगण्य. त्यांच्या कसबाचा मोबदला कोणी द्यायचा, हा प्रश्न खुद्द अभ्यासकांनीच काढला आहे. दस्तुरीची आम्हांला आठवण झाली ती इथे. या खेपेला शिकवणाराच नागवला गेला.

गेल्या वर्षी आमच्या सभासदांच्या एका कारखान्यात असा यांत्रिक मार्गदर्शक आला. प्रशिक्षणानंतर दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी तो दोन-तीन प्रश्न विचारतो. यंत्र बदलले की त्या यंत्राची मर्मे मराठीत सांगतो. आम्ही विरोधाच्या तयारीने गेलो होतो. रात्री दोन वाजता एक शिकाऊ पोरगा त्याला काहीतरी विचारीत होता. "फोरमनला का नाही विचारलेस रे?" म्हटले, तर म्हणाला, "साहेब, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते." आमचा विरोध तिथेच निम्मा मावळला.

निम्मा उरला तो कराराच्या मसुद्यात आहे. या मार्गदर्शकाशी घालवलेला वेळ कामाचा धरावा. ज्या जुन्या कारागिरांची मर्मे त्यात भरली, त्यांची नावे त्यात यावीत व त्यांना त्याचे पैसे मिळावेत. आणि कोणी कोणता प्रश्न चुकला, किती वेळा विचारला, याची नोंद चौकशीच्या टेबलावर येऊ नये. पहिले कलम मान्य झाले आहे. दुसऱ्यावर घासाघीस चालू आहे. तिसऱ्याबाबत व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, नोंद आपोआपच होते, तिला ते काय करणार. आणि आम्ही दर बैठकीला ती जुनी वही सोबत नेतो.