फोटो की शूटिंग?

येत्या वैशाखात माझ्या भाचीचे लग्न आहे, पोलादपूरला, घरापुढच्या अंगणातच. परवा ती खर्चाची वही घेऊन महाडला आली. म्हणाली, "मामा, पैसे एकापुरतेच आहेत. फोटो सांगू की शूटिंग?" मी इतिहासाचा मास्तर. सरळ उत्तर देण्याची सवय नाही. म्हटले, बस, आधी चहा घे.

फोटोची विद्या १८३९मध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. हलत्या चित्रांचा पहिला खेळ मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. तिथूनच ज्यांना हा नाद लागला ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा मूळचे फोटोग्राफर. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि डिसेंबर १९०१मध्ये आपल्या कोकणातल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांचे स्वागतही. म्हणजे फोटो आणि शूटिंग आपल्याकडे एकाच माणसाच्या हातात वाढले. मात्र त्या हलत्या चित्रांना वाचा नव्हती. बोलणारा 'आलम आरा' यायला १९३१ साल उजाडले.

माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा एकच फोटो आहे, तोही लग्नानंतर मुंबईच्या स्टुडिओत काढलेला. वडील खुर्चीत, आई शेजारी उभी, मागे रंगवलेला पडदा. पुढे फोटोग्राफर मांडवात आला. गळ्यात अडकवून वरून बघायचा कॅमेरा आणि बारा फोटोंचा रोल. अंतरपाट खाली येईपर्यंत तो बोट आवरून धरी. एक फोटो फुकट गेला की त्याच्या पोटात दुखे.

१९८२मध्ये दूरदर्शन रंगीत झाले आणि पुढच्या काही वर्षांत व्हिडिओवाले गावोगाव फिरू लागले. आमच्या भागात त्यांना मान होता, कारण निम्मे घर परगावी. कुणी मुंबईत चाकरमानी, कुणी आखातात. ज्याला रजा मिळाली नाही त्याला तीन तासांची कॅसेट पाठवली की लग्न घरपोच!

फोटोपेक्षा शूटिंगमध्ये जास्त काय होते, तर आवाज. भटजींचे 'सावधान', करवल्यांची थट्टा, हळदीला बायकांची गाणी. ही गाणी म्हणणारीबरोबरच जातात. आणि नेमका तोच आवाज आपण घालवला. 'मिक्सिंग' नावाचा प्रकार आला. मूळ आवाज काढून त्यावर सिनेमाची गाणी चढवायची आणि नवरानवरीला बदामाच्या आकारात बसवायचे. १९९१मध्ये माझ्या बहिणीच्या लग्नात आजीने जात्याशी बसून तासभर हळदीची गाणी म्हटली. कॅसेट आली तेव्हा आजीचे ओठ हलत होते आणि आवाज एका हिंदी पार्श्वगायिकेचा होता. आम्ही तेव्हा टाळ्या वाजवल्या, हेही सांगितले पाहिजे. आजी गेल्यावर मूळ कॅसेट मागायला गेलो, तर तिच्यावर दुसऱ्या कुणाचे तरी लग्न चढले होते.

मग २००५चा जुलै आला. सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडींखाली माणसेच गेली. तिथे अल्बमचे काय घेऊन बसायचे? आमच्या घरात फक्त चिखल आला. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटले. एका जुन्या फोटोग्राफरने बजावले, वाळवू नका आणि ओढू नका. फोटो कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असतो. ओला असताना स्वच्छ गार पाण्यात ठेवला तर सुटा होतो, वाळल्यावर ओढला तर थरासकट निघतो. प्यायला पाणी नव्हते त्या दिवसांत आम्ही फोटोंसाठी पाणी शोधत होतो! चाळीसेक वाचले, दोरीवर कपड्यांसारखे टांगून. एकात बहिणीचा चेहरा पुसला गेला, अंतरपाट तेवढा राहिला. कॅसेटमध्ये चिखल बसला आणि पुढे टेपेवर पांढरी बुरशी धरली.

२२ जुलै २०२१ रोजी पुन्हा तेच. तळिये दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. या वेळी चिखलात कॅसेटी कुणी शोधल्याही नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनीसुद्धा २०१६मध्येच थांबली होती.

तेव्हा मला विचाराल तर फोटो, तेही कागदावर छापलेले. पण भाचीला एवढ्यावर सोडवेना. बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटची एक प्रत लालबागला काकांकडे गेली होती, ती कोरडी राहिली. मी ती संगणकावर उतरवून घेतली आहे. ती लावली. हळदीच्या भागात एक गाणे संपते आणि दुसरे सुरू होते, त्यांच्यामध्ये मिक्सिंगवाल्याच्या हातून काही सेकंद मूळ आवाज राहून गेलाय. जात्याची घरघर ऐकू येते आणि आजी कुणावर तरी खेकसते, "अगं, नवरीला पानी द्या कोनीतरी!"

भाचीने तेवढा तुकडा तीनदा लावला. मग वहीत 'शूटिंग' खोडले, फोटोंपुढे आकडा घातला आणि खाली लिहिले, 'हळदीला जात्यापाशी मोबाइल, रेकॉर्डिंग चालू.'

"आणि गाणी कोण म्हणणार?" मी विचारले.

तिने आईला फोन लावला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)