खोक्यावरचे दोन चेहरे

'चहा पिऊ नकोस, काळी पडशील.' 'केशर-दूध घे गं, बाळ गोरं होईल.' मराठी घरांत ही वाक्यं दुष्टपणे कुणी म्हणत नाही, मायेनंच म्हणतात. म्हणून तर त्यातला भेदभाव लवकर कळत नाही.

या मायेवर मोठा बाजार उभा राहिला. १९७५ मध्ये हिंदुस्तान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' ही गोरेपणाची क्रीम आणली. तिच्या खोक्यावर एकाच बाईचे दोन चेहरे असत, एक सावळा नि एक उजळ, आणि सोबत त्वचेच्या छटांची पट्टी. आपण आज कुठल्या पायरीवर आहोत, हे मुलींनी त्या पट्टीवर बघायचं! माणसाच्या कातडीला श्रेणी लावणारं हे मोजमाप किराणा दुकानातून घरात येत होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

जाहिराती त्याहून निर्दय होत्या. एकीत मुलगा नाही म्हणून बाप हळहळतो. सावळी मुलगी क्रीम लावते, हवाई सुंदरी होते आणि घर सावरते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दाद मागितली. अखेर २००३ मध्ये ती जाहिरात बंद झाली. पण दोनच वर्षांनी पुरुषांसाठीही 'फेअर अँड हँडसम' आलं.

२००९ मध्ये चेन्नईच्या 'विमेन ऑफ वर्थ' संस्थेने 'डार्क इज ब्युटिफुल' मोहीम सुरू केली. २०१३ मध्ये अभिनेत्री नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या. सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवायचं नाही, असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये केला.

मे २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला. वंशभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा परदेशातल्या भारतीय वंशाच्या बायकांनी आपल्या समाजालाही जाब विचारला. लग्न जुळवणाऱ्या 'शादी डॉट कॉम'वरचा त्वचेच्या रंगाचा फिल्टर त्यांच्या तक्रारीमुळेच निघाला. जुलैत 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली. दोन चेहरे आणि पट्टी तर २०१९ मध्येच खोक्यावरून गेली होती.

लग्नाच्या बायोडेटात मात्र उंचीखाली 'वर्ण' हा रकाना अजून असतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. तो काढून टाकायला ना कायदा लागतो, ना कंपनीची परवानगी. मुलगी बघून आल्यावर 'बाकी सगळं छान, पण रंग...' असं कुणी सुरू केलं, तर त्याला तिथल्या तिथे अडवायला एखादी आत्याही पुरते.