दस्तक, हुंडेकरी व बंदरावरील चौकशी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व कांठीं वाशी हें गांव आहे. उत्तरेस ठाणें, समोर पाण्यापलीकडे मानखुर्द, आणि दक्षिणेस पनवेलच्या खाडीच्या मुखाशीं बेलापूरचा किल्ला. इ. स. १९७० त सिडको ही संस्था स्थापन होऊन नवी मुंबई वसूं लागली व १९७३ त खाडीवर पूल झाला. तोंपर्यंत आगरी व कोळी लोकांचें हें गांव मीठ, भात व मासळी यांवर जगत होतें. आज त्याच नांवाच्या वसाहतींत उंच इमारतींतून जकातीच्या आडत्यांच्या, म्हणजे सरकारी भाषेंत कस्टम्स ब्रोकरांच्या, कचेऱ्या आहेत. त्यांचा माल दक्षिणेस न्हावा-शेवा येथें उतरतो. तें बंदर २६ मे १९८९ रोजीं चालू झालें. हे लोक दिवसभर जें काम करितात तें एका वाक्यांत सांगावयाचें तर असें : सरकार विचारतें, आणि ते व्यापाऱ्याच्या वतीनें उत्तर देतात. या प्रश्नोत्तराचा इतिहास या खाडीच्या कांठीं फार जुना आहे. जुने कागद जमविणाऱ्या विद्वानांनीं त्याकडे जितकें लक्ष द्यावयास पाहिजे होतें तितकें दिलेलें नाहीं, म्हणून कांहीं मुद्दे येथें मांडतों.

विचारावयाचे प्रश्न मुळांत फारसे बदललेले नाहींत. कौटिल्यानें शुल्काध्यक्षाच्या प्रकरणांत सांगितलें आहे कीं, शुल्कशाळेवर चार-पांच लेखकांनीं बसून येणाऱ्या सार्थाची नोंद करावी : व्यापारी कोण, कोठून आले, माल किती, आणि ओळखीची खूण किंवा मुद्रा कोठें झाली. मुद्रा नसेल तर दुप्पट शुल्क व मुद्रा खोटी असेल तर आठपट दंड. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, खोटें सांगण्याचा दंड न सांगण्याच्या दंडाहून चौपट आहे. माल दडविणें हा लोभ होय; खोटी मुद्रा हा राजाच्या ज्ञानावर केलेला घाला होय. पुढील सर्व राज्यांच्या जकातीच्या नियमांत हा भेद कमीअधिक प्रमाणांत दिसतो.

समुद्रावरील चौकशी मात्र आपल्या किनाऱ्यावर निराळ्या वळणानें आली. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून फिरंग्यांनीं असा हक्क सांगितला कीं, त्यांच्या परवान्यावांचून कोणीं समुद्रांत तारूं घालूं नये. या परवान्यास ते कार्ताझ म्हणत. त्यांत नाखव्याचें नांव, तारवाचा आकार, माणसें व हत्यारें किती, कोठून निघून कोठें जावयाचें, आणि कोणता माल व कोणते लोक चढवावयाचे नाहींत, हें लिहिलेलें असे. मिरें व लढाईच्या उपयोगाचा माल वर्ज्य, तुर्क वर्ज्य. गुजरातच्या बहादूरशहानें इ. स. १५३४ त वसई दिली त्या तहांतहि असेंच कलम होतें कीं, तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती तारवांनीं वसईहून निघावें व परत वसईसच येऊन जकात द्यावी. अकबरासारख्या बादशहाच्या तारवांनाहि हा कागद घ्यावा लागे, यावरून त्याचें वजन कळेल. कार्ताझाची खरी किंमत जकातीहून वेगळी होती. दरसाल किती तारवें, कोणाचीं, कोणत्या बंदरास जाणार, याची एक यादीच फिरंग्यांच्या हातीं आपोआप पडत असे, आणि ती देणारा तिची फी स्वतःच भरीत असे. इतक्या स्वस्तांत बातमी मिळविण्याची दुसरी युक्ति त्या काळीं कोणास साधली नसेल.

मराठ्यांनीं ही रीत पाहिली, घेतली, आणि पुष्कळ सौम्य केली. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांत (सुमारें इ. स. १७१५) आरमाराचें जें प्रकरण आहे तें या दृष्टीनें पुन्हां वाचावें. कौल घेतलेल्या सावकाराच्या तारवास उपद्रव होऊं नये हें तर त्यांत आहेच. पण कौल नसलेलें परमुलखींचें तारूं आलें तरी त्यास दिलासा देऊन बंदरास आणावें, लाकूडपाणी पुरवावें, त्याची खरेदीविक्री होऊं द्यावी व जकात हलक्या हातानें घ्यावी, असा त्याचा आशय आहे. शत्रूच्या मुलखाचें गलबत सांपडल्यास मात्र त्याची लूट न करितां तें जप्त ठेवून हुजुरास लिहावें. म्हणजे आरमाराच्या सुभेदारानें आधीं माहिती मिळवावयाची, ती वर कळवावयाची, आणि निवाडा हुजुरानें करावयाचा. पाश्चात्य ग्रंथकारांनीं ज्या आरमारास चांचे म्हणून ठेवलें त्याच्या नियमांत ही शिस्त आहे, हें मुद्दाम नमूद करणें अवश्य वाटतें.

कान्होजी आंग्रे व मुंबईकर इंग्रज यांच्या भांडणाचें मूळहि दस्तकांतच होतें. इंग्रज म्हणत, आमचें निशाण व आमचा परवाना असला म्हणजे दुसरा कागद लागत नाहीं. कान्होजीचें म्हणणें, कंपनीचीं स्वतःचीं जहाजें ही एक गोष्ट, आणि देशी व्यापाऱ्यांनीं इंग्रजी परवाना मिळवून चालविलेलीं गलबतें ही दुसरी; या दुसऱ्यांनीं आमचें दस्तक घेतलेंच पाहिजे. चार्लस बून हा १७१५ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर होऊन आला तेव्हांपासून हा वाद चिघळत गेला. १७१८ त खांदेरीवर इंग्रजांची स्वारी झाली ती फसली, व १७२१ त फिरंग्यांच्या साह्यानें कुलाब्यावर केलेलीहि फसली. तोफांचा धूर बाजूस सारून पाहिलें तर प्रश्न एवढाच उरतो : कागदावर नांव एकाचें व माल दुसऱ्याचा असेल, तर सरकारनें कागद मानावा कीं खरा धनी शोधावा? जकातीच्या कारभारांतला हा सर्वांत अवघड प्रश्न होय, आणि तो पुढें पुन्हां येणार आहे.

दर ठरवावयास सुद्धां माहिती लागते. शिवछत्रपतींनीं इ. स. १६७१ त कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस मिठाच्या जकातीविषयीं लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. बारदेशांतलें मीठ स्वस्त पडूं लागल्यानें आपल्या मिठागरांकडे येणारा व्यापारी तिकडे वळेल, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवून तें महाग पाडावें, असा हुकूम त्यांत आहे. हा हुकूम अमलांत आणावयाचा तर तेथील भाव, येथील भाव व वाहतुकीचा खर्च हे तिन्ही आंकडे सुभेदाराजवळ हवेत. ते आणून देणारा नाकेदार पत्रांत दिसत नाहीं, पण तो असलाच पाहिजे.

आतां खुष्कीकडे वळूं. कारण आजच्या आडत्याचा खरा पूर्वज तेथें आहे. पनवेलीस उतरलेला माल बोरघाट चढून पुण्यास जाई, कल्याणचा माळशेज व नाणेघाटानें जुन्नराकडे. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, असें लोक सांगतात. पेशवाईंत या वाटांवर जकातीचे नाके पुष्कळ झाले. माल भरला त्या ठिकाणीं थळभरीत, विकला त्या ठिकाणीं थळमोड, कापडावर छाप्याचा आकार, आणि मध्यें सरकारचे व जहागीरदारांचे निरनिराळे नाके. प्रत्येक नाक्यावर बैल थांबवून, गोणी मोजून, मालाचें नांव, मालकाचें नांव, कोठून कोठें, हें सांगून पैसे भरावयाचे, तर घाट चढेपर्यंत मालाचा भाव उतरावयाचा. या अडचणींतून हुंडेकरी उत्पन्न झाला. तो व्यापाऱ्याशीं ठरीव रकमेचा हुंडा करी व वाटेवरील सर्व जकात आपल्या अंगावर घेई. नाकेदारांशीं त्याचें खातें असे. माल त्याच्या शब्दावर पुढें जाई व हिशेब मागाहून चुकता होई. एल्फिन्स्टन साहेबानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर १८१९ त जो अहवाल लिहिला त्यांत जकातीच्या जाचाबरोबरच या वर्गाचीहि दखल घेतली आहे.

हुंडेकऱ्याचें स्थान नीट समजून घेतलें पाहिजे. त्याच्यामुळें व्यापाऱ्यास दहा ठिकाणीं दहा वेळां बोलावें लागत नसे. नाकेदारास व्यापारी कोण हें कळण्याची फारशी गरज नव्हती. हुंडेकरी कोण हें कळलें कीं पुरे. म्हणजे तो सरकार व व्यापारी यांच्यामधला पडदा होता, आणि सरकारनें तो पडदा आपल्या सोयीसाठीं राहूं दिला. लबाडी होत नसे असें नव्हे. परंतु पुढच्या खेपेस त्याच नाक्यावरून जावयाचें असल्यामुळें ज्याचा शब्द एकदां खोटा ठरला त्याचा धंदा बुडाला, हा जामीन कोणत्याहि अनामतीपेक्षां बळकट होता.

वाशीच्या बाजूस या कारभारास आणखी एक रंग होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत साष्टी व वसई मराठ्यांकडे आली. पण १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. तेव्हांपासून १८१७ त बेलापूरचा किल्ला इंग्रजांनीं घेईपर्यंत ही खाडीच दोन राज्यांची सरहद्द होती. पश्चिम तीर इंग्रजांचा, पूर्व तीर पेशव्यांचा. भरतीच्या पाण्यावर घटकाभरांत ओलांडतां येणाऱ्या पाण्याच्या दोन्ही बाजूंस दोन सरकारें, दोन दर व दोन चौकश्या. आगरी खारव्याच्या होडींतला मिठाचा ढीग या तीरावर स्वराज्याचा व त्या तीरावर परमुलखाचा ठरे.

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांतील खुष्कीची वाटजकात १८३८ च्या कायद्यानें बंद झाली व हुंडेकऱ्याचा मूळ आधार गेला. तो नाहींसा झाला नाहीं. मालवाहतुकीचा मुकादम म्हणून राहिला, व त्याचें नांव आडनांवाच्या रूपानें अजून चालतें. समुद्रावरची जकात मात्र वाढत गेली. १८७८ च्या समुद्रजकातीच्या कायद्यानें जहाजाच्या कप्तानानें बंदरास लागल्यावर चोवीस तासांत मालाची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, देणें बंधनकारक केलें, आणि त्याच्या २०२ व्या कलमानें कस्टम हाउसांत दुसऱ्याच्या वतीनें काम करणाऱ्यास कलेक्टराची परवानगी लागूं लागली. १९६२ च्या कायद्यांत तेंच कलम १४६ झालें. २०१३ त एजंट हें नांव जाऊन ब्रोकर आलें. येथवर सर्व जुन्याच वाटेनें चाललें होतें.

फरक पडला तो गेल्या पंचवीस वर्षांत, आणि त्याचें निमित्त परदेशांत घडलें. २००१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेवर हल्ले झाल्यावर त्या सरकारनें २००२ त असा नियम केला कीं, तेथें यावयाच्या पेट्यांची माहिती त्या परदेशच्या बंदरांत जहाजावर चढण्यापूर्वीं चोवीस तास आधीं पोंचली पाहिजे. कप्तानास पूर्वीं पोंचल्यानंतर चोवीस तास मिळत. आतां निघण्याच्या चोवीस तास आधीं सांगावें लागतें. न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर उभी असलेली पेटी अमेरिकेच्या होकारावांचून हलेनाशी झाली. कार्ताझ देणाऱ्या फिरंग्यांस निदान या किनाऱ्यावर किल्ले बांधावे लागले होते! आपल्या सरकारनेंहि १९७१ व १९७६ चे मॅनिफेस्टाचे नियम बदलून २०१८ त नवे केले, व जहाज पोंचण्याच्या किंवा सुटण्याच्या आधीं माहिती देण्याचें बंधन जहाजवाल्यांप्रमाणें माल गोळा करणाऱ्या मध्यस्थांवरहि आलें.

त्याच सालच्या ब्रोकरांच्या परवान्याच्या नियमांत दहाव्या कलमाखालीं असें आहे कीं, ब्रोकरानें आपल्या गिऱ्हाइकाची ओळख, त्याचा आयात-निर्यातीचा क्रमांक, व दिलेल्या पत्त्यावर त्याचा धंदा खरोखर चालतो कीं नाहीं, हें विश्वसनीय व स्वतंत्र कागदांवरून पडताळावें. चुकल्यास परवाना रद्द होऊं शकतो, अनामत जप्त होऊं शकते, किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होतो. कान्होजीचा प्रश्न येथें परत आला आहे : कागदावरचें नांव खरें कीं खोटें? फरक इतकाच कीं, तो शोधण्याचें काम सरकारनें स्वतः न करितां मध्यस्थावर टाकलें आहे. हुंडेकरी व्यापाऱ्याचा पडदा होता. ब्रोकर हा सरकारचा डोळा झाला आहे, आणि पगार मात्र व्यापाऱ्याकडून घेतो. आमच्या मतें ही जबाबदारी अंशतः योग्य, पण अंशतः अन्यायाची आहे. वाशीच्या कचेरींत दोन कारकून घेऊन बसलेल्या माणसानें लुधियान्याच्या किंवा सुरतेच्या पेढीचा पत्ता किती खोल तपासावा? सरकारनेंच दिलेले क्रमांक सरकारसच खरे वाटत नसतील तर त्याचा दोष त्याच्या माथीं कितपत मारावा? जुन्या नाकेदारानें हुंडेकऱ्यास एवढें ओझें कधीं घातलें नव्हतें.

संग्राहकांस यांतील दुसरें एक कलम अधिक महत्त्वाचें वाटेल. ब्रोकरानें आपलीं दप्तरें निदान पांच वर्षें जपावीं असा नियम आहे. पांच वर्षांनंतर तीं जपण्याचें कारण कोणासहि उरत नाहीं, आणि पुष्कळशी माहिती तर कागदावर येतच नाहीं. ती यंत्रांत भरली जाते व यंत्राबरोबर मोडींत निघते. पेशवे दप्तर टिकलें तें इतिहासप्रेमामुळें नव्हे. इंग्रजांस इनामांची चौकशी करावयाची होती व मुलकी वसुलीस आधार हवा होता, म्हणून टिकलें. त्यांतून वाडांनीं रोजनिश्या निवडल्या व सरदेसायांनीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान पंचेचाळीस भाग काढले. निवड करणाऱ्याचा कल साहजिकच स्वाऱ्या व तह यांकडे असे. जकातीच्या यादींत एका बैलावर किती आकार घेतला हें वाचावयास कोणास हौस? परंतु कोणत्या सालीं पनवेलीहून वर काय गेलें, खालीं काय आलें, आणि त्याची जबानी कोणीं दिली, हें सांगणारा दुसरा कागद नाहीं.

पनवेल, उरण, कल्याण व भिवंडी येथील जुन्या वखारवाल्यांच्या व हुंडेकऱ्यांच्या घरांतून मोडी रोजकीर्दी, आवारजे व जकातीच्या पावत्या निघाल्यास त्या सुट्या करून विकत घेऊं नयेत. जुडी जशी बांधलेली असेल तशीच ठेवावी, दोऱ्याची गांठ सोडण्यापूर्वीं पानांचा क्रम टिपून घ्यावा, आणि पाठीवरील शेरे, नाक्याचें नांव व आंकड्यांच्या खुणा यांची नक्कल आधीं करावी. कारण शाई बहुधा पाठीवरच प्रथम उडते.