जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत गुण कशाला मिळतात?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी घराघरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : पाने भरभरून लिहिली होती, मग गुण गेले कुठे? जीवशास्त्राच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बोचतो. गणितातले उत्तर चुकले, तर ते परीक्षागृहाबाहेर पडताच मित्रांशी ताडून पाहता येते. जीवशास्त्रात मात्र उत्तर येत असते, ते लिहिलेलेही असते आणि तरीही पाचपैकी अडीचच गुण पडतात. याचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा परीक्षकाच्या लहरीत नसून तपासणीच्या पद्धतीत असते. उत्तराची लांबी, सुवाच्यता किंवा भाषेचा डौल यांना गुण नसतात. परीक्षक ठरलेले मुद्दे शोधतो आणि सापडलेल्या प्रत्येक मुद्द्याला त्याच्या वाट्याचे गुण देतो.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे सीबीएसई, आपल्या प्रश्नपत्रिकांची गुणदान योजना आणि परीक्षकांसाठीच्या सर्वसाधारण सूचना प्रसिद्ध करते. त्यामुळे ही पद्धत समजून घेण्यासाठी तिचेच उदाहरण सोयीचे ठरते. गोवा मंडळाची प्रश्नपत्रिका वेगळी असली, तरी बारावी विज्ञानाची पाठ्यपुस्तके एनसीईआरटीचीच असल्याने पुढील उदाहरणांतील आशय येथील विद्यार्थ्यांनाही परिचित आहे.

सीबीएसईच्या बारावी जीवशास्त्राचे शंभर गुण लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० असे विभागलेले आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्हींत स्वतंत्रपणे ३३ टक्के मिळवावे लागतात. अलीकडच्या वर्षांतील लेखी प्रश्नपत्रिकेत ३३ प्रश्न असतात : एकेका गुणाचे १६, दोन गुणांचे ५, तीन गुणांचे ७, उताऱ्यावर किंवा माहितीवर आधारित चार गुणांचे २ आणि पाच गुणांचे ३. पहिल्या सोळांत परीक्षकाला निर्णय घेण्याजोगे काही नसते; पर्याय बरोबर असतो किंवा चूक. खरी तपासणी उरलेल्या ५४ गुणांची होते.

या ५४ गुणांसाठी परीक्षकासमोर गुणदान योजना असते. तीत आदर्श निबंध नसतो. प्रत्येक प्रश्नाखाली अपेक्षित मुद्दे दिलेले असतात आणि प्रत्येक मुद्द्यासमोर अर्धा किंवा एक गुण लिहिलेला असतो. तीन गुणांचे उत्तर अनेकदा अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या सहा मुद्द्यांचे बनलेले असते, हे विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

सिकल सेल अ‍ॅनिमियाचेच उदाहरण घेता येईल. हा रोग रेणूंच्या पातळीवर कसा घडतो, असा तीन गुणांचा प्रश्न आला, तर अपेक्षित मुद्दे साधारणतः असे असतील : बीटा-ग्लोबिनच्या जनुकात सहाव्या कोडॉनमधील एक बेस बदलतो, जीएजीऐवजी जीयूजी येते, त्यामुळे साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, ऑक्सिजनचा दाब कमी असताना हे बदललेले हिमोग्लोबिन बहुलकीकरण पावते, आणि तांबड्या पेशीचा आकार द्विअंतर्वक्र चकतीऐवजी कोयत्यासारखा होतो. समजा, एका विद्यार्थ्याने रुग्णाचा थकवा, वेदना, आनुवंशिकता, वाहक पालक आणि आदिवासी भागांतील प्रादुर्भाव असे पानभर लिहिले. त्यातले एकही वाक्य खोटे नाही. पण विचारलेल्या साखळीतला फक्त शेवटचा दुवा, म्हणजे पेशीचा बदललेला आकार, त्यात आला आहे. अशा पानाला अर्धा, फार तर एक गुण मिळेल. दुसऱ्याने पाच ओळींत वरील पाचही टप्पे क्रमाने लिहिले, तर त्याला पूर्ण गुण मिळतील. पहिल्या विद्यार्थ्याच्या घरी ‘एवढे लिहूनही’ अशी हळहळ व्यक्त होते, ती येथूनच.

तरीही ही योजना म्हणजे शब्दशः जुळवण्याची यादी नव्हे. योजनेतील मुद्दे हे मार्गदर्शक असून ते म्हणजे संपूर्ण उत्तर नव्हे, विद्यार्थ्याची मांडणी वेगळी असली पण बरोबर असली, तर त्याला योग्य ते गुण द्यावेत, असे मंडळाच्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. ‘पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे लिहिले नाही, म्हणून गुण कापले’ ही तक्रार खरी असेल, तर तो परीक्षकाने केलेला नियमभंग आहे. तसा नियम कोठेही नाही. अडचण येते ती पारिभाषिक शब्दांपाशी. ‘पेशी एकमेकींना चिकटतात’ हे बहुलकीकरणाचे सोपे रूप नव्हे. बहुलकीकरण हिमोग्लोबिनच्या रेणूंचे होते, पेशींचे नव्हे. येथे शब्द बदलताना अर्थही बदलला आणि गुण गेला, तो अर्थासाठी.

आनुवंशिकतेची गणिते हा गुण मिळवण्याचा सर्वांत भरवशाचा भाग समजला जातो. कारण तेथे प्रत्येक पायरीला गुण असतात. पालकांची जनुकरचना, त्यांची युग्मके, संततीचा तक्ता आणि शेवटचे प्रमाण यांचे गुण वेगवेगळे धरले जातात. एका चुकीचा परिणाम पुढच्या पायऱ्यांवर झाला, तर पुन्हा पुन्हा गुण कापू नयेत, शिक्षा एकदाच व्हावी, अशी सूचना आहे. म्हणजे युग्मके लिहिताना चूक झाली, पण पुढचा तक्ता त्या युग्मकांशी सुसंगत असला, तर सगळे उत्तर वाया जात नाही. केवळ शेवटचे प्रमाण लिहून मोकळे होणाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

याच भागात वाचनातील एक चूक वर्षानुवर्षे होत आली आहे. आई हिमोफिलियाची वाहक आणि वडील निरोगी असतील, तर प्रत्येक मुलग्याला रोग होण्याची शक्यता ५० टक्के असते. सर्व अपत्यांचा विचार केल्यास ती २५ टक्के होते. प्रश्न मुलग्यांविषयी आहे की अपत्यांविषयी, हे न पाहता लिहिलेले उत्तर विज्ञानाच्या दृष्टीने अर्धे बरोबर असूनही गुणांच्या दृष्टीने चूक ठरते. मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने येथे अधिक सावध असावे. कारण बोलताना आपण ‘मुले’ हा शब्द दोन्ही अर्थांनी सर्रास वापरतो.

आकृतीच्या बाबतीतले गैरसमजही असेच जुने आहेत. छायांकन केलेली देखणी आकृती आणि साधी रेखाकृती यांच्या गुणांत फरक पडत नाही. सपुष्प वनस्पतीचा भ्रूणकोश काढायचा झाला, तर सात पेशी आणि आठ केंद्रके दिसली पाहिजेत : बीजांडद्वाराच्या टोकाला अंडपेशी आणि तिच्या शेजारच्या दोन सहाय्यक पेशी, विरुद्ध टोकाला तीन पेशी आणि मध्ये दोन ध्रुवीय केंद्रके असलेली मोठी पेशी. गुण मिळतात ते या रचनेला आणि नावांना. नावाची रेघ पेशीला न टेकता मध्येच थांबली, किंवा अंडपेशीचा गट उलट्या टोकाला गेला, तर ते नाव चूक ठरते. चित्र कितीही सुबक असले, तरी त्याने ही चूक भरून निघत नाही.

‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नात गुण जोडीला असतात. डीएनएच्या प्रतिकृतीत एक धागा सलग तयार होतो, असे लिहून दुसऱ्या धाग्याविषयी त्याच्या विकराची माहिती दिली, तर दोन्ही विधाने खरी असूनही फरक सिद्ध होत नाही. दुसरा धागा तुकड्यातुकड्यांनी बनतो, हे त्याच्यासमोर यायला हवे. उताऱ्यावरील प्रश्नांत याउलट घडते. पाठ केलेले उत्तर तेथे ओतले जाते आणि उताऱ्यात दिलेल्या आकड्यांचा वा निरीक्षणाचा उल्लेखच राहून जातो.

गोव्यातील अनेक कुटुंबांची मुले आज इंग्लंडमध्ये शिकत आहेत. तेथील ए-लेव्हल जीवशास्त्राची तपासणी याच तत्त्वावर चालते. फक्त नियम अधिक बारकाईने लिहून ठेवलेले आहेत. एक्यूए या परीक्षामंडळाच्या योजनेत कोणते उत्तर स्वीकारावे, कोणते दुर्लक्षावे आणि कोणते नाकारावे, हे मुद्द्यागणिक नोंदवलेले असते. एकच उत्तर मागितले असता विद्यार्थ्याने दोन लिहिली आणि त्यांतले एक चूक असले, तर चूक उत्तर बरोबर उत्तराला रद्द करते. ‘काहीतरी बरोबर निघेल’ म्हणून चार नावे लिहून ठेवण्याच्या सवयीवर हा चांगलाच लगाम आहे. शास्त्रीय शब्दाचे शुद्धलेखन चुकले, पण उच्चारावरून तो ओळखू येत असला, तर गुण दिला जातो. मात्र दुसऱ्या शास्त्रीय शब्दाशी गोंधळ होण्याची शक्यता असेल, तर दिला जात नाही. ग्लुकागॉन हे संप्रेरक आणि ग्लायकोजेन हे साठवणीचे कर्बोदक. या दोहोंच्या अधलेमधले काहीतरी लिहिणाऱ्याला दोन्हीकडून शून्य. ‘ते वाढते’ अशा वाक्यातील ‘ते’ म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट नसेल, तरीही गुण मिळत नाही. इन्सुलिन वाढते की रक्तातील साखर, हे वाचकाने ओळखून घ्यायचे नसते.

त्याच मंडळाच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत २५ गुणांचा एक निबंधही असतो. तेथे मुद्दे मोजण्याऐवजी सबंध लेखनाची पातळी ठरवली जाते. विषयाच्या वेगवेगळ्या शाखांतील ज्ञान एका सूत्रात गुंफता येते का, हे त्यात पाहतात. आपल्याकडील बारावीच्या जीवशास्त्रात असा प्रश्न नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. सुटे मुद्दे अचूक सांगणारा विद्यार्थी आणि त्यांतील नाते ओळखणारा विद्यार्थी, यांच्यातला फरक अर्ध्या-अर्ध्या गुणांच्या बेरजेत दिसत नाही.

सीबीएसईच्या योजनेतील औदार्य प्रत्यक्षात किती उतरते, हे परीक्षकाला मिळणाऱ्या वेळेवर अवलंबून असते. अलीकडच्या वर्षांतील सूचनांनुसार परीक्षकाने दिवसाचे आठ तास काम करून मुख्य विषयांच्या २० आणि इतर विषयांच्या २५ उत्तरपत्रिका तपासायच्या असतात. आठ तासांत वीस म्हणजे एका उत्तरपत्रिकेला २४ मिनिटे. पंचवीस म्हणजे १९ मिनिटांपेक्षा थोडी अधिक. त्यातच बेरीज, मुखपृष्ठावर गुण उतरवणे आणि फेरतपासणीही येते. ३३ प्रश्नांवर वाटले, तर एकेका उत्तराच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही. वेगळ्या शब्दांत मांडलेले बरोबर उत्तर ओळखायला वेळ लागतो. ओळखीचा शब्द ओळखायला लागत नाही. परीक्षक शब्द शोधत जातात, या तक्रारीचे मूळ बव्हंशी या गणितात आहे. शिक्षकांना दोष देण्यापूर्वी ते पाहिले पाहिजे.

मंडळाने यावर काही उपाय योजले आहेत. तपासणीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक परीक्षकाच्या पहिल्या पाच उत्तरपत्रिका मुख्य परीक्षकाने पाहाव्यात, म्हणजे योजनेचा अर्थ सर्वांनी सारखाच लावला आहे की नाही, हे लवकर कळते. उत्तर पात्र असेल, तर पैकीच्या पैकी गुण देताना कचरू नये, हेही बजावलेले असते. विद्यार्थ्याने पर्यायी प्रश्नांपैकी एक जास्त सोडवला असेल, तर अधिक गुणांचे उत्तर धरून दुसरे रद्द करावे लागते. नेहमीच्या चुकांची यादीही सूचनांतच दिलेली असते : उत्तराचा एखादा भाग तपासायचा राहणे, बरोबरची खूण करून गुणच न देणे, बेरीज चुकणे, आतले गुण मुखपृष्ठावर चुकीचे उतरणे. ही यादी मंडळाने स्वतःच छापली आहे, यावरून अशा चुका किती वेळा होत असतील, याची कल्पना यावी.

या चुका विद्यार्थ्याला आपल्या डोळ्यांनी पाहता याव्यात, यासाठी बराच न्यायालयीन झगडा झाला आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली. उत्तरपत्रिका पाहण्यास आणि पुनर्मूल्यांकनास मनाई करणारे महाराष्ट्र राज्य मंडळाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात तो निर्णय फिरवला आणि मंडळाचे नियम वैध ठरवले. पुढे माहितीचा अधिकार कायदा आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असल्याचे मान्य केले. परीक्षार्थीला ती पाहण्याचा आणि तिची प्रत मिळवण्याचा हक्क मिळाला. परीक्षकाची ओळख उघड होऊ नये, एवढी काळजी मात्र घेतली जाते.

प्रत हाती आल्यावर ती गुणदान योजनेशेजारी ठेवून वाचावी लागते. न तपासलेला भाग, चुकलेली बेरीज किंवा योजनेतील मुद्दा असूनही न मिळालेला अर्धा गुण नेमका दाखवता आला, तर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला आधार मिळतो. ‘उत्तर मोठे आहे’ हा आधार ठरत नाही. अर्ज करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते : सीबीएसईच्या नियमांनुसार पुनर्मूल्यांकनात गुण वाढू शकतात, तसे ते कमीही होऊ शकतात आणि नंतरचा आकडाच अंतिम मानला जातो. त्यापुढे न्यायालयाची वाट अरुंद आहे. उत्तरे तपासण्याचे काम न्यायालयांनी स्वतःकडे घेऊ नये, चूक ठळकपणे सिद्ध होत असेल अशा विरळा प्रकरणांतच नियमांपलीकडे जाऊन पुनर्मूल्यांकनाला परवानगी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रणविजय सिंह प्रकरणात सांगितले आहे.