खासगी पॅकेजांविषयी तळटीप

* लेखकाने ओझरता उल्लेख केलेली व्यवस्था अशी. डेबियनसारख्या लिनक्स प्रणालीत हजारो पॅकेजांचे सामाईक भांडार असते. एखादी संस्था त्याच्या जोडीला आपल्यापुरत्या बदललेल्या पॅकेजांचे छोटे भांडार ठेवते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली याच वाटेने, पण फार मोठ्या प्रमाणावर, डेबियनवर उभी आहे. खरी मेख आवृत्तीच्या क्रमांकात असते. मूळ पॅकेज १.२-३ असेल, तर आपल्या प्रतीला अधिक चिन्हासह स्थानिक खूण जोडतात. मग ती मूळ प्रतीपेक्षा नवी ठरते आणि तीच बसते. पण डेबियनने १.२-४ काढली, की पुढच्या अपडेटमध्ये आपली दुरुस्ती मुकाट्याने पुसली जाते. ते टाळायला 'पिनिंग' करतात: भांडाराचा नेहमीचा अग्रक्रम ५०० असतो, तो आपल्या भांडारासाठी वाढवायचा, १००० च्या वर नेला तर नव्या आवृत्तीच्या जागी जुनीही बसते. मला हा उपाय धोक्याचा वाटतो, कारण १.२-४ मध्ये सुरक्षेची दुरुस्ती असेल तर तीही अडते. दर वेळी नव्या मूळ प्रतीवर आपला बदल चढवून पॅकेज पुन्हा बांधणे कष्टाचे आहे, पण तेच करावे. बदल सर्वांच्या उपयोगाचा असेल, तर तो डेबियनकडे पाठवावा. राळेगणसिद्धीच्या धान्य बँकेतून उसने नेणारा शेतकरी सुगीनंतर थोडे जास्त धान्य परत घालत असे, तसेच हे. शिवाय बदल तिकडे स्वीकारला गेला, की आपली वेगळी प्रत सांभाळावी लागत नाही. — संपादक