जोडाक्षरांचा संसार

खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी ज्या खणांच्या पेटीपुढे उभा राहून काम करी, ती पेटी श्रोत्यांपैकी काहींनी पाहिली असेल. इंग्रजी जुळणाऱ्या माणसापुढे दोन पेट्या असत. वरचीत मोठी लिपी, खालचीत लहान लिपी, आणि अंक व विरामचिन्हे धरून सारा संसार दीडशे-पावणेदोनशे खणांत आटोपे. मराठी जुळाऱ्याला मात्र कित्येक शे खण लागत. हात लांब करून, प्रसंगी टाचा उंचावून तो खिळा उचली, आणि दिवसाअखेर तो खिळा पुन्हा बरोबर त्याच खणात पडला नाही तर दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात 'द्य' च्या जागी 'द्ध' उमटे.

हा पसारा कशामुळे झाला? आपली मुळाक्षरे काही शेकड्यांनी मोजावी इतकी नाहीत. गोष्ट अशी की, देवनागरी अक्षर शेजार पाहून रूप बदलते. 'क' आणि 'ष' एकत्र आले की तिसराच 'क्ष' दिसतो. 'र' तर बहुरूपीच आहे. 'क्र' मध्ये तो पायाशी तिरकी रेघ होतो, 'र्क' मध्ये डोक्यावर चढून बसतो, 'ट्र' मध्ये दोन पायांचा काकपद होतो, आणि 'ऱ्य' मध्ये त्याचे नुसते बाशिंग उरते. त्यातून वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार हे अक्षराच्या पुढे, मागे, वर, खाली कोठेही बसणार. म्हणजे प्रश्न दोन. एक, दोन अक्षरांचे मिळून एक रूप होणे. दुसरा, एका अक्षराचा अवयव दुसऱ्याच्या हद्दीत शिरणे. मराठी मुद्रणाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पुष्कळसा या दोन प्रश्नांभोवतीच फिरला आहे.

हे संकट एकट्या आपल्यावरच कोसळले, असा समज मात्र नसावा. पंधराव्या शतकात जर्मनीत गुटेनबर्गने आपले प्रसिद्ध बायबल छापले, तेव्हा लेखकूंच्या हस्ताक्षरासारखे दिसावे म्हणून त्याने निरनिराळे सुमारे २९० खिळे ओतले. रोमन लिपीतील 'एफ' चे वरचे टोक पुढे झुकते. त्याच्यापाठी 'आय' आला की ते टोक त्याच्या टिंबावर आदळून मोडे. म्हणून ही जोडी एकाच खिळ्यावर ओतू लागले. त्यांचे 'लिगेचर' ते हेच, म्हणजे आपले जोडाक्षरच. आणि खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबणाऱ्या टोकाला ते 'कर्न' म्हणत. पुढे खिळे गेले, शब्द राहिला. आज 'कर्निंग' म्हणजे दोन विशिष्ट अक्षरांमधील अंतर नजरेला समान वाटावे म्हणून कमीजास्त करणे. फरक एवढाच की त्यांच्याकडे हे सारे शोभेचे होते. 'एफ' आणि 'आय' सुटे छापले तरी शब्द तोच राहतो. आपल्याकडे जोड सुटली तर शब्दच बिघडतो.

मराठीचे पहिले मोठे मुद्रण झाले ते महाराष्ट्रात नव्हे, तर बंगालमधील श्रीरामपुरास. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण तेथे १८०५ साली देवनागरी खिळ्यांनी निघाले, आणि १८१० सालचा त्याचा कोश मोडी खिळ्यांनी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात जोडाक्षराची अडचणच नसते, कारण लेखकू हाताने लिहितो आणि दगड ते जसेच्या तसे उठवतो. एकोणिसाव्या शतकात शिळाछापाच्या पोथ्या इतक्या दीर्घकाळ का चालल्या, याचे हे एक कारण आहे, आणि माझ्या मते ते स्वस्ताईइतकेच महत्त्वाचे आहे.

खिळ्यांनी हाताची बरोबरी केली ती जावजी दादाजी चौधरी यांच्या काळात. हा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामाला लागला. तेथे टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळ्यांचे काम चालत असे. १८६४ साली जावजींनी स्वतःची ओतशाळा घातली, १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू. या दोघांच्या जोडीने जी अक्षरे सिद्ध झाली ती देशभर गेली. निर्णयसागरने १८८६ पासून 'काव्यमाला' काढून संस्कृत ग्रंथ छापले, आणि संस्कृतात तीन-तीन, चार-चार व्यंजने एकमेकांच्या खांद्यावर बसतात हे आपणांस ठाऊकच आहे. तरी त्या पानांत जोडाक्षर कोठे तुटलेले दिसत नाही. आज ते पान हाती घेतले तर यंत्रयुगाच्या आधीचे काम म्हणून कौतुक करावे लागत नाही. आजच्या पुस्तकाशेजारी ठेवावे, ते उणे पडत नाही.

जुळणीच्या तेव्हा दोन रीती पडल्या. एका रीतीत ओळीचे तीन मजले करीत. मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्यावर मात्रा-वेलांट्या, खालच्यावर उकार. हे 'डिग्री' टाइप. यात खिळे कमी लागत, पण एका ओळीसाठी तीन ओळी जुळवाव्या लागत. शिवाय मात्रा नेमकी काना किंवा अक्षराच्या दांड्यावर यावी म्हणून मधे कोऱ्या शिशाच्या पट्ट्या घालणे हा जुळाऱ्याच्या जिवाला घोर असे. दुसरी रीत 'अखंड' टाइपाची. त्यात अक्षर पूर्ण उंचीचे, आणि मात्रेचा खिळा असा घडवलेला की तिचे टोक बाहेर लोंबून शेजारच्या अक्षरावर टेकावे. जुळणी सुकर, पण लोंबते टोक दाबाखाली मोडायचे. जुन्या पुस्तकांत मधेच वेलांटीचा शेंडा उडालेला दिसतो, तो पुष्कळदा वाचकाच्या डोळ्याचा दोष नसतो!

आता आपल्या गावाकडे वळू. मुंबईहून ठाण्यास आगगाडी आली १८५३ साली, कल्याणास १८५४ साली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे जावजींच्या ओतशाळेचे समवयस्क. १८६६ साली ठाण्यात काशिनाथ विष्णु फडके यांनी 'अरुणोदय' पत्र काढले. पुढे येथूनच 'हिंदू पंच' निघाले, आणि गोखल्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केल्यावर १९०९ साली ते बंद पडले, ही हकीकत निराळी. सांगायचा मुद्दा हा की, जिल्ह्याच्या गावी छापखाना टिकतो तो झिजलेले खिळे वेळेवर बदलता आले तर. ओतशाळा एका दिवसाच्या प्रवासावर असणे ही त्या काळी लहान सोय नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्राने जुळणी होऊ लागली आणि वादाला तोंड फुटले. लायनोटाइप यंत्राच्या मुख्य कळफलकावर ९० कळा. मोनोटाइपच्या साच्यात पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ घरे. कित्येक शे खिळ्यांची देवनागरी यात बसवावी कशी? लोकमान्य टिळकांनी १९०४ पासून या प्रश्नात लक्ष घातले. खिळ्यांची छाटणी करीत करीत सुमारे १९० चा जो संच पुढे तयार झाला, तो 'टिळक टाइप' म्हणून ओळखला गेला. सावरकरांनी तर लिपिशुद्धीची चळवळच केली. 'अ' ची बाराखडी करून 'अि, अी, अु' असे स्वर लिहावे, जोडाक्षरे उभी न रचता आडवी सोडवावी, हा तिचा गाभा. १९३० नंतरच्या दशकात हरि गोविंद गोविल यांनी अमेरिकेत देवनागरी लायनोटाइप सिद्ध केले. लायनोच्या साच्यात तर एका अक्षराचा अवयव दुसऱ्याच्या अंगावर लोंबूच शकत नाही. ज्याने त्याने आपापल्या रुंदीत राहावे, हा त्या यंत्राचा कायदा. त्यामुळे वर्तमानपत्रांत 'विद्वान' मधील 'द' ला पाय मोडून 'व' शेजारी उभा राहू लागला. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे ठरविले. लोकांना ते पचले नाही, आणि १९५७ साली ती वेलांटी मुकाट्याने डावीकडे परत आली.

या सुधारकांची थट्टा करणे आज सोपे आहे. पण छापखान्याचा खर्च निम्म्यावर आला तर पत्र दुप्पट लोकांपर्यंत जाते, हा टिळकांचा हिशेब काही चुकीचा नव्हता. यंत्र हेच शेवटचे यंत्र आहे, असे गृहीत धरण्यात मात्र घोटाळा होता. लिपीने यंत्रापुढे वाकावे असे पन्नास वर्षे सांगितले गेले, आणि नंतर असे यंत्र आले की ज्याला २२५ काय नि २,२५० काय, सारखेच.

गंमत अशी की, संगणक आल्यावरही प्रथम आपण जुनेच खिळे त्यात भरले. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची संकेतप्रणाली १९९१ साली प्रमाण ठरली. पण अक्षरजुळणीच्या बाजारात चालले ते निरनिराळ्या कंपन्यांचे टंक. त्यांत दोनशेच्या आसपास घरे, आणि प्रत्येक घरात अक्षराचा तुकडा: अर्धा 'स', सुटा काना, लहान रफार, मोठा रफार. इंग्रजी 'ए' च्या घरात कोणी 'अ' ठेवला, कोणी आणखी काही. जुळारी खुर्चीवर बसला एवढेच; काम तेच, तुकडे जुळवण्याचे. छापील कागद सुरेख निघे. परंतु ज्याच्याकडे तो टंक नाही त्याला त्या फायलीत नुसती इंग्रजी चिन्हांची भाजी दिसे.

येथे ठाण्याच्या माणसाला महानुभावांच्या पोथ्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. महानुभावांनी अक्षरांची अदलाबदल करून सांकेतिक लिप्या केल्या, आणि किल्ली नसल्यामुळे ते वाङ्मय कित्येक शतके बाहेरच्यांना बंद राहिले. राजवाडे आणि आपल्या ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारख्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते अभ्यासकांपुढे आणले. भावे हे येथील मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या १८९३ सालच्या संस्थापकांपैकी. महानुभावांनी जे जाणूनबुजून केले ते आपण १९९० नंतरची पंधरा-वीस वर्षे नकळत केले. १८३१ चे पंचांग आज कोणीही वाचील. १९९५ सालच्या फ्लॉपीवरील मराठी कादंबरी, ती फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळाले तरी, किल्लीवाचून वाचता येत नाही. गावोगावच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लहान प्रकाशकांची पुस्तके यांच्या मूळ फायली अशा किती पडून असतील!

यातून वाट निघाली ती एका साध्या विचाराने: जे लिहिले ते निराळे ठेवा, ते दिसते कसे हे निराळे. १९९१ च्या युनिकोडात 'क्ष' ला स्वतंत्र घर नाही. तेथे 'क', हलन्त आणि 'ष' एवढीच नोंद राहते. त्यांचे एकत्र रूप कोणते हे टंकाने सांगायचे. १९९६ साली ओपनटाइप नावाची रचना जाहीर झाली, तिने टंकाच्या पोटात असे नियम ठेवण्याची सोय केली: रफार केव्हा चढवायचा, अर्धे रूप केव्हा वापरायचे, 'द' च्या खाली 'व' केव्हा लोंबवायचा. विंडोजबरोबर घरोघर गेलेला 'मंगल' टंक आखला र. कृ. जोशी यांनी. १९३६ ते २००८ हा त्यांचा काळ. सुलेखनकार, कवी आणि अक्षरांचे अध्यापक असलेला हा माणूस लेखणीकडून या कामाकडे आला, हे आपले भाग्य.

तथापि टंकात नियम असून भागत नाही. पान रचणाऱ्या प्रणालीने ते पाळले पाहिजेत. इनडिझाइन या प्रणालीत २०१२ पर्यंत भारतीय लिप्यांची नीट सोय नव्हती. नंतरही 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडल्याशिवाय अक्षरे तुटतात. वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, हलन्त उघडे पडतात. एका लग्नाच्या छापील कार्यक्रमात मी 'आचाऱ्यांना' च्या ठिकाणी 'आचार्यांना' पाहिले आहे. स्वयंपाक्यांचे मानधन गुरुजनांच्या नावे पडले! हा 'ऱ्य' हिंदीला लागत नाही, मराठीला रोज लागतो. 'दऱ्या', 'सुऱ्या' हे शब्द त्यावाचून लिहिताच येत नाहीत. त्यासाठी टंकलेखकाने नुक्त्याचा 'ऱ' वापरायचा असतो. तो न वापरता कोणी यंत्राला दोष देईल, तर यंत्र निर्दोष आहे.

'ल' आणि 'श' यांचीही तीच कथा. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हिंदी वळणाहून निराळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण ठरविले. चांगल्या टंकांपैकी काहींत दोन्ही रूपे असतात. पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदविली तरच मराठी रूप उमटते. भाषा 'हिंदी' राहिली तर पान हिंदी दिसते, आणि आपण टंकावर चिडतो.

अंतराची गोष्ट थोडी नाजूक आहे. शिरोरेघेमुळे आपली अक्षरे हात धरून उभी असतात, म्हणून इंग्रजीसारख्या फटी पडत नाहीत. पण 'कि' ची वेलांटी आणि 'स्त्रि' ची वेलांटी एकाच लांबीची करून चालत नाही. तिचे टोक शेवटच्या दांड्यावर टेकले पाहिजे, आणि त्यासाठी चांगल्या टंकात तिची अनेक मापे असतात. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच डोक्यावर आले की गर्दी होते. वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत कर्निंगची खूण आपण होऊन लागलेली नसे. 'फॉन्ट' च्या खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पानावर जाऊन ती करावी लागे. जोडाक्षरांना ती खूण लागत नाही, ती भाषेचा भागच म्हणून आपोआप जुळतात. हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, आणि ते एकाचे औषध दुसऱ्याला देतात.

मोडीचा प्रश्न मात्र अजून चालू आहे. १८१० साली श्रीरामपुरास जिचा कोश छापला त्या लिपीला युनिकोडात जागा मिळाली २०१४ साली. मोडीसाठी युनिकोडी टंक आता उपलब्ध आहेत. पण मोडी लिहिणारा हात न उचलता लिहितो. त्याच्या अक्षराचे रूप शेजाऱ्यावरच नव्हे तर लिहिणाऱ्याच्या घाईवरही ठरते, आणि पेशवे दफ्तरातील कागद अशाच घाईत लिहिलेले आहेत.