डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये योद्धा बनवायचाय? क्लास आणि फीट असे निवडा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा मोबाईल गेम नाही. चार-पाच जण एकत्र बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात आणि वीस बाजूंचा फासा ठरवतो की वार लागला की हुकला. गोष्ट सांगणाऱ्याला डंजन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ आणला. सध्या जे नियम चालतात ते २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमधले, आणि हा लेखही त्याच नियमांवर आहे.

मी बारामतीचा, आमचा निम्मा ग्रुप इंदापूरचा. नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मला तलवारवाला दे, काय घेऊ?" त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून काढतोय. कारण या खेळात काही गोष्टी नंतर बदलता येतात आणि काही नाही. एकच पात्र महिनोन् महिने चालवायचं असतं, म्हणून सुरुवातीची निवड महत्त्वाची.

आधी पुस्तक विकत घ्यायचं का?

नाही. २०२५ मध्ये कंपनीने सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२ नावाची पीडीएफ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत दिली. त्यात बाराही क्लास आहेत. फीट आणि बॅकग्राउंड मोजकेच आहेत, पण पहिला योद्धा बनवायला तेवढे पुरतात. पीडीएफ फोनमध्ये ठेवा. फासे नसतील तर गुगलवर 'रोल डाइस' असं इंग्रजीत टाका, फासा स्क्रीनवरच येतो.

क्लास म्हणजे काय?

शिकवणी नव्हे! क्लास म्हणजे तुमच्या पात्राचा पेशा. लढणाऱ्या माणसासाठी मुख्य चार आहेत:

- फायटर: शिकलेला, सराव केलेला शिपाई. कोणतंही चिलखत, कोणतंही हत्यार चालतं. दुसऱ्या लेव्हलला अ‍ॅक्शन सर्ज मिळतो, म्हणजे एकाच पाळीत एक जादा कृती. सगळ्यात मोठा फायदा फीटचा. बाकीच्या तिघांना ४, ८, १२ आणि १६ या लेव्हलला फीट मिळतो, फायटरला त्याशिवाय ६ आणि १४ लाही.
- बार्बेरियन: डोक्यात राग गेला की रेज. रेज चालू असताना तलवार, भाला, गदा यांचा मार निम्माच लागतो. जीव ठरवणारा फासाही सगळ्यात मोठा, बारा बाजूंचा. पण जड चिलखत घालून रेज करता येत नाही.
- पॅलाडिन: शपथ घेतलेला वीर. लढतो, मंत्रही टाकतो आणि हात लावून जखमा भरतो. लेव्हलच्या पाचपट जीव तो दिवसभरात वाटू शकतो.
- रेंजर: रानावनातला माग काढणारा. धनुष्य आवडत असेल तर हा.

नवीन माणसाला मी फायटरच सुचवतो. मंत्रांची यादी पाठ करायची नाही, आणि फीट जास्त असल्याने पात्र हळूहळू आपल्या मनासारखं घडवता येतं. पण ग्रुपमध्ये जखमा भरणारं कोणी नसेल तर पॅलाडिनचा विचार जरूर करा. चौघं तलवारवाले आणि वैद्य कोणीच नाही, असा ग्रुप पहिल्याच मोठ्या लढाईत आडवा होतो.

आपल्या मातीतला योद्धा चालतो का?

अगदी चालतो. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. शिवाजी महाराजांचे हे आजोबा इंदापूरच्याच लढाईत पडले. बारामती तालुक्यातलं सुपं भोसल्यांच्या जहागिरीतलं, पुढे महाराजांनी ते संभाजी मोहित्यांकडून घेतलं. म्हणजे गोष्टीला जागा शोधायला लांब जायला नको.

मराठी फौजेत घोडेस्वारांचे दोन प्रकार होते. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पात्र बनवताना हा फरक ठरवलात की अर्धी पूर्वकथा तयार झाली. घोडा कोणाचा, तो मेला तर नुकसान कोणाचं, हुकूम कोणाचा ऐकायचा, सगळं त्यातून निघतं.

दांडपट्टा मात्र नियमांच्या यादीत नाही. डीएमला विचारून लाँगस्वोर्डचेच आकडे वापरा आणि नाव दांडपट्टा ठेवा. आकडे तेच राहिल्यामुळे कोणाला अन्यायही होत नाही.

फीट म्हणजे काय?

क्लास हा पेशा, तर फीट हे त्या माणसाचं खास कसब. तालमीत सगळेच पैलवान कुस्ती खेळतात, पण एखाद्याची पकड एकदा बसली की सुटत नाही. ती पकड म्हणजे फीट.

पहिला फीट पहिल्याच लेव्हलला, बॅकग्राउंडबरोबर येतो. मोफत पीडीएफमधलं सोल्जर हे बॅकग्राउंड घेतलं तर सॅव्हेज अटॅकर मिळतो, म्हणजे पाळीत एकदा वार लागल्यावर इजेचे फासे दोनदा टाकायचे आणि बरा आकडा घ्यायचा. क्रिमिनल घेतलं तर अलर्ट मिळतो, त्याने लढाईत तुमची पाळी लवकर येण्याची शक्यता वाढते. हँडबुक हाताशी असेल तर फार्मर बघा. शेतकऱ्याच्या पोराला टफ हा फीट मिळतो, दर लेव्हलला २ जीव जास्त. आमच्याकडे ऊस तोडलेली पोरं आहेत, त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही!

चौथ्या लेव्हलची खरी निवड

इथे बहुतेक जण अडकतात, म्हणून आकडे घालून बघू. पात्राचे सहा गुण १५, १४, १३, १२, १०, ८ असे वाटायचे. फायटरला स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद १५ आणि कॉन्स्टिट्यूशन म्हणजे दम १४ द्या. सोल्जरमुळे ताकदीत २ आणि दमात १ वाढवा. ताकद झाली १७, दम १५. फाशात मिळवायचा बोनस असा काढायचा: गुणातून १० वजा करा, राहिलेल्याचे निम्मे करा, अपूर्णांक सोडून द्या. म्हणजे ताकदीचा बोनस ३, दमाचा २. पहिल्या लेव्हलचा जीव १० अधिक २, म्हणजे १२.

आता चौथी लेव्हल आली. समोर दोन रस्ते आहेत:

1. गुण वाढवा: ताकदीत १, दमात १. ताकद १८, दम १६. दोन्ही बोनस एकेकाने वाढले. दमाचा बोनस प्रत्येक लेव्हलला मोजला जातो, म्हणून जीव एकदम ४ ने वाढतो.
2. ग्रॅपलर फीट घ्या: ताकदीत १ इथेही मिळतो, म्हणजे १८ होतेच. शिवाय पाळीत एकदा ठोसा लागला की त्याच ठोशात इजा आणि पकड दोन्ही. पकडलेल्या शत्रूवर वार करताना दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. आणि आपल्या आकाराच्या किंवा लहान शत्रूला फरफटत नेताना वेग कमी होत नाही.

म्हणजे हिशेब सरळ आहे. ताकद दोन्हीकडे तेवढीच. सवाल इतकाच, की ४ जीव आणि थोडा दम हवा की पकड. ही पकड चुकवायला शत्रूला १४ काढावे लागतात: ८ अधिक ताकदीचे ४ अधिक सरावाचे २. किरकोळ सैनिकाला १४ जड जातात. पण आपल्यापेक्षा एकापेक्षा जास्त आकाराने मोठा प्राणी पकडताच येत नाही. डीएमची गोष्ट दरोडेखोरांची असेल तर ग्रॅपलर सोनं, मोठ्या ड्रॅगनची असेल तर माती.

ताकद १७ न ठेवता १६ ठेवली असती तर अर्ध्या गुणाचा हा खेळ जमला नसता. म्हणून पहिल्या लेव्हललाच एखादा मुख्य गुण विषम ठेवा.

हँडबुकमधले बाकी फीट

- पोलआर्म मास्टर: भालावाल्यांसाठी. भाल्याच्या मागच्या टोकाने जादा वार, आणि पल्ल्यात शिरणाऱ्यावर आयता वार.
- सेंटिनल: निसटू बघणाऱ्याला जागच्या जागी थांबवतो. मागे उभ्या जादूगाराचा जीव याच्यावर असतो.
- ग्रेट वेपन मास्टर: दोन्ही हातांच्या जड हत्यारासाठी. ढाल हवी असेल तर हा विसरा.
- माउंटेड कॉम्बॅटंट: घोडेस्वारासाठी. बेलवाडीला पालखीच्या रिंगणात घोडा धावताना बघितला की हा फीट घ्यावासा वाटतोच. पण आधी डीएमला विचारा, गोष्ट मोकळ्या माळावर आहे की भुयारात? भुयारात घोडा नेणार कसा? शिलेदार खाली उतरला की फीट वाया.

काय बदलता येतं, काय नाही

फायटरला पहिल्या लेव्हलला लढण्याची पद्धत निवडायची असते. ती प्रत्येक नव्या फायटर लेव्हलला बदलता येते. हत्यारांच्या खास करामती रात्रभराच्या विश्रांतीनंतर बदलता येतात. क्लास आणि बाकीचे फीट मात्र नियमाप्रमाणे कायमचे. डीएमने मोठ्या मनाने परवानगी दिली तरच सूट.

आणखी एक. दोन क्लास एकत्र करायचा मोह सगळ्यांना होतो. या चारही क्लासना पाचव्या लेव्हलला एका कृतीत दोन वार मिळतात. त्याआधी दुसऱ्या क्लासमध्ये गेलात तर ते दोन वार लांबतात आणि बाकीचे पुढे निघून जातात. पाचवीपर्यंत एकाच क्लासमध्ये राहा.

पात्र बनवायच्या आधी डीएमला तीन प्रश्न विचारा: गोष्ट कुठे घडते, शत्रू माणसं आहेत की राक्षस, आणि ग्रुपमध्ये जखमा कोण भरणार? तिन्ही उत्तरं कागदावर लिहा आणि मगच फीटची यादी उघडा. युट्यूबवरचं 'सगळ्यात भारी' पात्र त्या माणसाच्या ग्रुपसाठी असतं. तुमच्या ग्रुपला कोण कमी आहे हे तुम्हालाच माहीत.